भाव आहे, गिऱ्हाईक नाही

(या खेपेस स्वस्त शेअर्सवरच, म्हणजे पेनी स्टॉकवरच, इतकी पत्रं आली की म्युच्युअल फंडांची पत्रं पुढच्या अंकावर टाकली आहेत. ज्यांनी वाट पाहायची त्यांचा राग मान्य.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. पुतण्याने मला एका टेलिग्राम ग्रुपमध्ये घेतलं. तिथे सांगितलेल्या एका कंपनीचे १८,००० शेअर्स मी श्रावणात, दोन दिवसांत, सरासरी ५ रुपये ९० पैशांनी घेतले. आज भाव ६ रुपये ४० पैसे, म्हणजे नऊ हजारांचा फायदा आहे. ग्रुपवर टार्गेट २५ सांगतात. थोरले जावई म्हणतात, हे सगळं थोतांड. मला वाटतं, सहा रुपयांचा शेअर पडून पडून पडणार तरी किती? ग्रॅच्युइटीतले दोन लाख शिल्लक आहेत, ते घालावेत का? धाकटीचं लग्न वैशाखात धरलं आहे. मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडतो.
— एक गुरुजी, बार्शी

उत्तर : गुरुजी, नमस्कार. फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. पत्र मी एकदा वाचलं, फोटो चारदा पाहिला.

त्यात डावीकडे घेणाऱ्यांची यादी आहे. ६.३५ ला १०० शेअर्स, ६.२० ला २५०, ६.१० ला १,०००, ६.०८ ला ४००. पाचवी ओळ कोरी. खाली दिवसभराचा व्हॉल्यूम, म्हणजे एकूण हात बदललेले शेअर्स, लिहिलाय ६४०. आता समजा तुम्ही तुमचे १८,००० घेऊन विकायला उभे राहिलात. ही चारही गिऱ्हाइकं मिळून १,७५० शेअर्स उचलतील. तुमच्या शेअरला ५ टक्क्यांचा पट्टा आहे, म्हणजे भाव एका दिवसात तेवढाच वर-खाली हलू शकतो, आणि आदल्या दिवशीचा बंद भावही ६.४० च आहे, म्हणून ६.०८ हे त्या दिवसाचं लोअर सर्किट. त्याखाली सौदाच होत नाही. उरलेले १६,२५० गळ्यात घेऊन तुम्ही रांगेत. दुसऱ्या दिवशी पट्टा ६.०८ पासून मोजायचा, म्हणजे ५.७८ पर्यंत. आणि रांगेत मोठा माल लागलाय हे स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं, मग आदल्या दिवशीची चार गिऱ्हाइकंही 'अजून खाली मिळेल' म्हणून गप्प बसतात. दिवसाला ६४० हा व्हॉल्यूम धरला आणि सगळे जण फक्त तुमच्याकडूनच घेणार असं मानलं, तरी तुमचा माल संपायला २८ दिवसांहून जास्त लागतील.

त्याच फोटोत कोपऱ्यात आणखी एक आकडा आहे, तो तुमच्या नजरेतून सुटला असणार. शेवटचा सौदा : १० शेअर्स, ३ वाजून २२ मिनिटं. आपल्याकडे अशा शेअर्सचा बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांच्या सरासरीवरून निघतो. त्या अर्ध्या तासात तेवढा एकच सौदा झाला असेल, तर कोणीतरी ६४ रुपये खर्च करून तुमच्या शेअर्सची किंमत १,१५,२०० ठरवली. तुमचा नऊ हजारांचा फायदा त्या ६४ रुपयांवर उभा आहे. बाजारात तुरी म्हणतात त्यातला हा प्रकार, फक्त इथे तुरी तरी खऱ्या असतात.

आता मला खटकलेली गोष्ट. आज दिवसाला ६४० शेअर्स हलतात, मग श्रावणात तुम्हाला दोन दिवसांत १८,००० मिळाले कसे? माल मिळाला म्हणजे तो कोणीतरी दिला. कोणी दिला, हे शोधायला पोलीस लागत नाहीत. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर कंपनीचं नाव टाकून 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' उघडा, दर तिमाहीचा असतो. तुमच्या कंपनीचा मी पाहिला. सव्वा वर्षापूर्वी भागधारक तीन हजारांच्या आसपास होते, आता बावीस हजारांवर गेलेत. त्याच काळात प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, वाटा ५२ टक्क्यांवरून ३१ वर आला. ज्यांना कंपनी आतून ठाऊक ते बाहेर पडले आणि त्यांच्या जागी तुम्ही, तुमचा पुतण्या आणि ग्रुपवरची मंडळी आत आलात. कंपनीचं नाव मी छापत नाही; बावीस हजारांपैकी निम्म्यांना तरी ते ओळखता येईल.

असं घडतं कसं, याचा एक नमुना सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, कागदांतच आहे. २ मार्च २०२३ ला सेबीने साधना ब्रॉडकास्ट आणि शार्पलाइन ब्रॉडकास्ट या दोन छोट्या कंपन्यांच्या शेअर्सबद्दल अंतरिम आदेश काढले. यूट्यूबवर व्हिडिओ टाकून शेअर घ्यायला लोकांना भरीस घातलं, साधनाच्या बाबतीत तर कंपनी एक मोठा उद्योगसमूह घेणार अशी खोटी बातमी पेरली आणि लोक तुटून पडले तेव्हा आतल्यांनी आपला माल त्यांच्या गळ्यात मारला, असं त्यात म्हटलं आहे. साधनाचे छोटे भागधारक दोन हजारांच्या आसपास होते, ते पन्नास हजारांच्या वर गेले. साधनाचे व्हिडिओ २०२२ च्या पावसाळ्यातले, आदेश पुढच्या मार्चमधला. सेबी येते, पण ती पंचनाम्याला येते.

उलट कधीकधी तिच्या येण्याने आपलीच कोंडी होते. भाव विचित्र हलायला लागला की एक्स्चेंज तो शेअर देखरेखीत टाकतं. जीएसएम, एएसएम ही नावं तुम्ही ॲपवर पाहिली असतील. जून २०२३ मध्ये छोट्या कंपन्यांसाठी (तेव्हा बाजारातली एकूण किंमत ५०० कोटींच्या आत असलेल्या) ईएसएम नावाची वेगळी चौकट आली. तिच्या दुसऱ्या पायरीवर पट्टा २ टक्क्यांचा होतो आणि सौदे दिवसभर सलग न होता ठरावीक लिलावांच्या वेळीच होतात. हेतू नव्या गिऱ्हाइकाला सावध करण्याचा, तो चांगलाच आहे. पण जो आधीच आत आहे त्याच्या दाराला त्या दिवशी आणखी एक कडी लागते. अशा शेअर्समध्ये लोक भावाची जोखीम मोजतात आणि ही जोखीम विसरतात. भाव पडला तर तोटा होतो, तो सोसता येतो. आपल्याला पैसे हवेत त्या दिवशी समोर घेणाराच नाही, याचं करायचं काय?

'पडून पडून किती' याचं उत्तर पाटीवरच्या गणितात आहे, ते तुम्हाला मी काय सांगणार. रोज ५ टक्क्यांनी १४ दिवस उतरलं की रक्कम निम्म्याच्या खाली जाते, मग सुरुवात सहाची असो की सहा हजारांची. सहा रुपये हे स्वस्त वाटतं ते रद्दीच्या भावाशी नकळत तुलना होते म्हणून.

माझंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसती शहाणपणा शिकवते. १९९५ साली सांगलीत मी सब-ब्रोकरचं दुकान नुकतं थाटलं होतं. कोळंबीशेतीच्या एका कंपनीचा इश्यू आला. दहा रुपयांना शेअर, सर्टिफिकेटवर निळं पाणी आणि त्यात हसरी कोळंबी. सासूबाईंच्या मोडलेल्या पाटल्यांचे बारा हजार मी त्यात घातले. फॉर्म मीच भरला, सहीच्या जागी त्यांचं बोट धरून सही मीच करून घेतली. पुढच्या वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या कोळंबीशेतीवर कडक निर्बंध घातले. पण कंपनीने तेवढं निमित्तही पुरतं वापरलं नाही, ती त्याआधीच पत्रांना उत्तर देईनाशी झाली होती. मी रजिस्टर्ड पत्र पाठवलं, ते 'पत्त्यावर कोणी राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. शेअरचा भाव मात्र पुढे कितीतरी महिने पेपरात छापून येत होता : २ रुपये १० पैसे. मी दर सोमवारी तो पाहायची आणि मनात हिशेब करायची, अजून अडीच हजार आहेत. विकायला सांगितलं की मुंबईचा ब्रोकर म्हणायचा, "ताई, भाव आहे, गिऱ्हाईक नाही." सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त दर दिवाळीला ट्रंक उघडली की विचारायच्या, "त्या कोळंबीचं काय झालं गं?"

तर आता तुमचं. दोन लाख घालू नका. यात मला दुसरं मतच नाही. लग्नाच्या खर्चाच्या वहीत या शेअर्सपुढे आजपासून शून्य लिहा. जेवढे विकून पैसे बँकेत येतील तेवढेच त्या पानावर मांडायचे. विकताना मार्केट ऑर्डर, म्हणजे 'मिळेल त्या भावाला विका' अशी, कधीही टाकू नका, भाव लिहून लिमिट ऑर्डर टाका. रोज शंभर-शंभर विकायच्याही भानगडीत पडू नका. डीपी चार्ज, म्हणजे डिमॅट खात्यातून शेअर्स काढण्याचा आकार, शेअर्सच्या संख्येवर नसतो. ज्या दिवशी विकाल त्या दिवशी त्या कंपनीसाठी तो एकदा लागतोच, बऱ्याच ब्रोकरकडे पंधरा-वीस रुपयांच्या घरात. सहाशे रुपयांचा माल विकून त्यातले वीस तिथे देण्यात काय हशील? त्यापेक्षा ज्या दिवशी व्हॉल्यूम एकदम वाढेल, ग्रुपवर पुन्हा आरोळी उठेल, अप्पर सर्किटला खरेदीची रांग लागेल, त्या दिवशी ग्रुपवर काही न बोलता जमेल तेवढा माल त्या रांगेला द्या. त्या दिवशी भाव साडेपाच असला तरी द्या. ५.९० परत मिळेपर्यंत थांबायचं असं मनाशी धरलंत, तर माझ्यासारखी ट्रंक करावी लागेल.

जावई भांडून सांगत असतील तर त्यांना दुखवू नका. थोतांड आहे की नाही हे त्यांनाही सिद्ध करता येणार नाही, पण त्यांचा कल बरोबर आहे.

प्रश्न : पेनी स्टॉक म्हणजे कचरा असं तुम्ही नेहमी लिहिता. मग एल्सिडचं काय? ३ रुपये ५३ पैशांचा शेअर एका दिवसात २ लाख ३६ हजार झाला. दहा हजारांचे घेतले असते तर आज मी नोकरी करत नसतो. असा पुढचा एल्सिड कसा शोधायचा?
— सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी

उत्तर : २९ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी माझ्याकडे इतके फोन आले की दिवाळीचा चिवडा करपला, म्हणून तारीख पाठ आहे.

तुम्ही 'घेतले असते तर' म्हणता. कोणाकडून? एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचे सगळे मिळून शेअर्स दोन लाख, त्यातले तीन चतुर्थांश प्रवर्तकांकडे. कंपनीच्या पोटात एशियन पेंट्सचे शेअर्स, त्यांची किंमत एल्सिडच्या प्रत्येक शेअरमागे काही लाखांत जाते. हे ज्याला ठाऊक तो साडेतीन रुपयांना कशाला विकेल? म्हणून सौदेच होत नव्हते, आणि पट्ट्यामुळे भाव एका दिवसात वर उडीही मारू शकत नव्हता. ३.५३ हा आकडा बंद पडलेल्या घड्याळातली वेळ होती. जून २०२४ मध्ये सेबीने अशा गुंतवणूक कंपन्यांसाठी पट्ट्याविना खास लिलाव घेण्याची सोय केली, तो झाला आणि त्या दिवसअखेर काटा २,३६,२५० वर गेला. पुढच्या पंधरवड्यात भाव तीन लाखांच्या वर जाऊन तिथून उतरलाही.

म्हणजे एल्सिड आणि गुरुजींचा शेअर यांत साम्य एकच : स्क्रीनवरचा भाव दोन्हीकडे खोटा. एकीकडे विकणारा नव्हता, दुसरीकडे घेणारा नाही. तुम्हाला ग्रुपवर 'पुढचा एल्सिड' म्हणून जे दाखवतील तिथे विकणारे भरपूर असतील, हवे तेवढे शेअर्स मिनिटात मिळतील. तेवढ्यावरूनच ओळखा. आणि पेनी स्टॉक म्हणजे कचरा असं मी लिहिलेलं नाही. छोट्या भावात चालणाऱ्या, नीट कर भरणाऱ्या दोन-चार कंपन्या माझ्या स्वतःच्या खात्यात आहेत. नावं विचारू नका.

प्रश्न : यजमान गेल्यावर त्यांचे शेअर्स माझ्या डिमॅटमध्ये आले. त्यात एका कंपनीचे ५,००० आहेत, तिचे व्यवहार एक्स्चेंजने थांबवले आहेत. यंदा मला दुसऱ्या शेअर्समध्ये नफा झाला, त्यातून हा तोटा वजा होईल का? ओळखीचा एक एजंट म्हणतो, "तोटा मी करून देतो."
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होणार नाही. भाव शून्य झाला म्हणून कर खात्याच्या लेखी तोटा होत नाही, शेअर विकला गेला तरच होतो. व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि विकता आले, तर खरेदीची किंमत आणि तारीख यजमानांची धरली जाते, तेव्हा त्यांची जुनी काँट्रॅक्ट नोट, म्हणजे ब्रोकरने दिलेला खरेदीचा कागद, शोधून ठेवा. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो, आणि रिटर्न मुदतीत भरलं असेल तर आठ वर्षं पुढे नेता येतो. बाजाराबाहेर कोणाला खरोखर विकायचे असतील, तर आधी सीएंना विचारा आणि पैसे बँकेतूनच घ्या.

त्या एजंटला चहाही देऊ नका. असल्या शेअर्समधून खोटा नफा-तोटा रचण्याचे प्रकार आयकर खात्याला चांगले पाठ आहेत. नोटीस येते ती तुमच्या पॅनवर, त्याच्या नाही.

माझ्या ट्रंकेतल्या कोळंबीचा तोटा मलाही आजवर दाखवता आलेला नाही.