चांगले उत्पन्न असूनही जुनी पिढी पैसा वापरायला इतकी का घाबरते?

तुम्ही लिहिले आहे की, वडिलांना पुरेसे निवृत्तिवेतन असूनही ते घरभर पंखे बंद करीत फिरतात, तुमच्या हप्त्यावरच्या मोटारीत बसायला तयार होत नाहीत आणि त्यांच्या पिढीला व्यवहार कळत नाही. नेमके हेच मी माझ्या वडिलांना वीस वर्षांपूर्वी ऐकवले होते.

आमची शेती अमळनेर तालुक्यात, कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळात आबा आणि माय यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. तिथे मजुरांना मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, माय पदराला बांधून थोरल्या भावासाठी घरी आणत असे. माझा जन्म नंतरचा. त्या दुष्काळापासून आबांचा नेम ठरला: कापसाचे पैसे आले की दुकानदाराची उधारी आणि पुढच्या बियाण्याचे बाजूला काढायचे आणि उरेल त्याचे जळगावच्या सराफ बाजारातून सोने घ्यायचे, मग ते दोन ग्रॅम का असेना.

२००५ साली हाती पन्नास हजार उरले. तोळा सात हजारांच्या आसपास होता. आबा जळगावची गाडी धरायला निघाले, तेव्हा नुकताच बी.एड. झालेल्या मी त्यांना ओट्यावर बसवून चक्रवाढ व्याजाचे गणित मांडून दाखवले आणि ती रक्कम तालुक्यातल्या एका पतसंस्थेत तेरा टक्क्यांनी ठेवायला लावली. “सोनं काय पयी जास का रे?” एवढेच ते म्हणाले. सोने पळून गेले नसते. पतसंस्थेला मात्र दोन वर्षांत कुलूप लागले. ठेवपावती आबा पंचांगात ठेवत, आणि दर पाडव्याला जुन्या पंचांगातून काढून नव्यात सरकवत. २०१९ साली ते गेले, तेव्हा घडीवर झिजून रकमेतले एक शून्य पुसले गेले होते. या विषयावर ते मला कधी एका शब्दानेही बोलले नाहीत.

तुमचा पगार एक तारखेला जमा होतो, म्हणून तुम्हाला हप्ता सोपा वाटतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा पगार वर्षातून एकदा येतो, तोही पाऊस आणि कापसाचा भाव या दोघांनी मनावर घेतले तर. अशा घरात वाढलेल्या माणसाने कर्जाला भिणे हा अडाणीपणा नव्हे.

सगळे सोन्यात घाला, असे मी म्हणत नाही, आणि सगळ्याच पतसंस्था बुडतात असेही नाही. पण बँकेतील ठेवींना विमा असतो (तेव्हा एक लाखापर्यंत होता, २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे) आणि पतसंस्थेतील ठेवींना तो नसतो, हे मला शिकलेल्याला तेव्हा ठाऊक नव्हते. तुमच्या वडिलांनी अती केले असेल, तर तेही तुम्ही त्यांना जरूर सांगा.

माझा थोरला भाऊ, ज्याच्यासाठी माय सुकडी आणत असे, आजही पाहुण्यांसमोर सांगतो की आबांना व्यवहार कळत नव्हता, तेरा टक्क्यांच्या लोभाने त्यांनी पन्नास हजार घालवले. मी दर वेळी मान खाली घालून जेवत राहतो. भाऊ, तू हे वाचलेस तर, ते गणित माझे होते.