बोहऱ्यांची ईद आधी का येते?

तुमचा प्रश्न असा : एकाच मजल्यावर दोन मुसलमान कुटुंबं. बोहऱ्यांची ईद एक-दोन दिवस आधी, दुसऱ्यांची नंतर. धर्म एक, मग ईद दोन कशा? आणि शिया, सुन्नी, खोजा, बोहरा ही नेमकी भानगड काय?

मी तेवीस वर्षं मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिले. शेठ दाऊदी बोहरा, शेजारच्या टेबलावरचा कारकून रत्नागिरीकडचा कोकणी मुसलमान, माल उतरवणारे दोघे उत्तर प्रदेशातले. तेव्हा जे कळलं ते पुस्तकांतून नाही, सुट्ट्यांच्या हिशेबातून कळलं. पुस्तकं नंतर वाचली.

आधी ईद. कारकून आणि हमाल एकोणतीस रोजे झाले की संध्याकाळी आभाळाकडे बघत. चंद्र दिसला, साक्ष मिळाली तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. शेठना मात्र पुढच्या वर्षीची ईद दिवाळीतच ठाऊक असे. त्यांची मिसरी, म्हणजे इजिप्तची, दिनदर्शिका गणिताने ठरलेली आहे. महिने आलटून पालटून तीस आणि एकोणतीस दिवसांचे, तीस वर्षांत अकरा वर्षांना एक दिवस जादा, आणि रमजान कायम तीसच. हे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दिवस-दोन दिवस पुढे चालतं. बोहरा शियांतले, तरी हा शिया-सुन्नी फरक समजू नका. इस्ना अशरी, म्हणजे बारा इमाम मानणारे, शियाही चंद्र बघूनच ईद करतात. इथे प्रश्न आहे तो कोणाचा शब्द शेवटचा मानायचा, हा. जवळजवळ प्रत्येक फाटा याच प्रश्नावर फुटलाय, तोही बहुतेक वेळा कोणाच्या तरी मृत्यूनंतर. अल्ला एक, कुराण एक, पैगंबर शेवटचे, यावर यांच्यात भांडण नाही.

पहिला मृत्यू खुद्द पैगंबरांचा, इ.स. ६३२. त्याच्या काही महिने आधी हजहून परतताना गदीर खुम इथे त्यांनी आपले चुलतभाऊ आणि जावई अली यांचा हात धरून सांगितलं, ‘ज्याचा मी मौला, त्याचा अली मौला.’ हे वाक्य दोन्ही बाजूंना मान्य आहे, गंमत तिथेच आहे. शिया म्हणतात, मौला म्हणजे धनी, म्हणजे वारस नेमला. सुन्नी म्हणतात, मौला म्हणजे जिवलग, अलींचा मान राखा एवढाच अर्थ. प्रत्यक्षात मदिनेत जमलेल्या मंडळींनी अबू बक्र यांना खलिफा, म्हणजे समाजाचा प्रमुख, केलं. मग उमर, उस्मान आणि चौथे अली. सुन्नींना हे चारही मान्य. शियांच्या मते हक्क पहिल्या दिवसापासून अलींचा आणि त्यांच्यानंतर त्यांच्या वंशातल्या इमामांचा. हा इमाम म्हणजे मशिदीत नमाज पढवणारा नव्हे. धर्माचा खरा अर्थ सांगण्याचा अधिकार ज्याला ईश्वराकडून मिळालाय, तो.

अलींच्या काळात तिसरा गटही निघाला. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत अलींनी विरोधकांशी वाद मिटवायला लवाद मान्य केला, तेव्हा ‘निवाडा फक्त अल्लाचा’ म्हणत काहीजण बाहेर पडले. ते खवारिज. त्यांच्यातल्याच एकाने ६६१ मध्ये अलींना मारलं. ओमानमधले इबादी त्या प्रवाहातून निघालेले, पण खवारिज म्हटलेलं त्यांना मुळीच खपत नाही, आणि ते आहेतही मवाळ. ६८० मध्ये करबला झालं. अलींचे पुत्र हुसेन आणि त्यांचे मूठभर साथी खलिफा यझीदच्या फौजेने मोहरमच्या दहाव्या दिवशी कापून काढले. वारसाच्या वादाचा धर्मभाव झाला तो इथे.

मग शियांच्यात फाटे पडत गेले. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये वारले. मोठा मुलगा इस्माईल त्यांच्या आधीच गेलेला, असं बहुतेक सांगतात. ज्यांनी धाकट्या मुसांना मानलं त्यांची परंपरा बाराव्या इमामांपर्यंत जाते. हे बारावे गुप्त आहेत आणि परत येतील, ही इस्ना अशरींची श्रद्धा. इराण-इराकमधले बहुतेक शिया हेच. जे इस्माईलच्या वंशाला धरून राहिले ते इस्माईली. त्यांनी पुढे कैरो वसवून इजिप्तवर राज्य केलं, तेच फातिमी.

१०९४ मध्ये फातिमी खलिफा मुस्तन्सिर गेले आणि पुन्हा दोन मुलगे, दोन वाटा. निझारला मानणारे निझारी. आपले आगाखानी खोजा त्यांतले. त्यांचा इमाम आजही हयात आणि समोर असतो. ‘आगाखान’ ही या इमामांची पदवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथे आगाखान वारले, आता त्यांचे पुत्र रहीम पन्नासावे इमाम आहेत. दुसऱ्या मुलाला, मुस्तालीला, मानणाऱ्यांची वाट वेगळी. त्याच्या नातवाला, तय्यबला, ते इमाम मानतात. तो लहानपणीच पडद्याआड गेला आणि तेव्हापासून इमाम गुप्तच. कारभार त्यांच्या वतीने दाई बघतात. आधी येमेनमध्ये, सोळाव्या शतकापासून गुजरातेत. ‘सय्यदना’ म्हणजे हे दाई. आणि ‘बोहरा’ हा शब्द गुजराती व्यवहारातला, व्यापारी या अर्थाचा.

दाईंवरूनही भांडणं झालीच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दाऊदी आणि सुलेमानी वेगळे झाले. काँग्रेसचे सुरुवातीच्या काळातले अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अली हे सुलेमानी घराण्यातले. २०१४ मध्ये बावन्नावे सय्यदना वारले तेव्हा वारसाचा दावा थेट मुंबई उच्च न्यायालयात आला आणि एप्रिल २०२४ मध्ये निकाल विद्यमान त्रेपन्नाव्यांच्या बाजूने लागला. ६३२ सालचाच प्रश्न, फक्त साक्षीपुरावे वकिलांनी तपासलेले! त्याहून जुनी गोष्ट खोजांची. आगाखानांचा अधिकार न मानणाऱ्या काही मुंबईकर खोजांनी ‘आम्ही सुन्नी’ म्हणून दावा लावला. १८६६ मध्ये न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजा हे शिया इस्माईलीच, असा निवाडा दिला. तो न पटलेले काही सुन्नी झाले, पुढे काही इस्ना अशरी. खोजांच्या जुन्या गिनानांत, म्हणजे भक्तिगीतांत, अलींना विष्णूचा दहावा अवतार म्हटलंय, हेही कळलं तेव्हा मला त्या न्यायाधीशाची दयाच आली.

आता सुन्नी. त्यांच्यात इमामांची परंपरा नाही, म्हणून अर्थ लावण्याचं काम विद्वानांकडे गेलं. त्यातून चार मजहब, म्हणजे धर्मकायद्याच्या शाखा, उभे राहिले : हनफी, मालिकी, शाफई, हनबली. चौघेही एकमेकांना बरोबर मानतात. कोकणी मुसलमान शाफई, कारण तिथे इस्लाम अरबांच्या गलबतांतून आला. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. आमचा कारकून असरची, म्हणजे दुपार उतरतानाची, नमाज हमालांच्या आधी उरकायचा. शाफईंच्या मते वस्तूची सावली वस्तूएवढी वाढली की असर सुरू, हनफींच्या मते दुप्पट झाल्यावर. डब्यात कुर्ल्या असल्या की हमाल हात आखडता घेत. हनफींना समुद्रातला मासा चालतो, खेकडा नाही. शाफईंत खेकड्यावर दोन मतं आहेत, पण समुद्रातलं बाकी बहुतेक सगळं चालतं. कोकणात राहून दुसरं काय चालणार!

देवबंदी आणि बरेलवी हे दोन्ही हनफीच. त्यांचं भांडण दर्गे, उर्स आणि पैगंबरांबद्दलचा भक्तिभाव किती व कसा दाखवायचा यावर. अहले हदीस चारही मजहब बाजूला ठेवून थेट हदीसकडे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांकडे आणि आचरणाच्या नोंदींकडे, जातात. सूफी हा पंथ नव्हे. कादरी, चिश्ती हे सिलसिले, म्हणजे गुरुपरंपरा, आणि त्यांतला माणूस बहुधा सुन्नीच असतो.

आपल्याकडचा एक धागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने शिया पंथ स्वीकारला तो शाह ताहिर यांच्या सांगण्यावरून. हे शाह ताहिर निझारींच्या एका शाखेचे स्वतःच इमाम होते, पण दरबारात त्यांनी शिकवण दिली ती इस्ना अशरींची. विजापूर आणि गोवळकोंड्यातही शिया राजवटी होत्या. आपल्या गावोगावच्या मोहरमची मुळं त्या काळात जातात. पंजे आणि ताबूत बसवणाऱ्या बहुतेक गावांत आज शिया औषधालाही सापडत नाहीत. सुन्नी आणि हिंदूच ते उचलतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत एकदा जाऊन बघा.

तर तुमच्या शेजाऱ्यांना ईदेची मिठाई दोनदा द्या, दोन्ही तारखा बरोबरच आहेत. मोहरमला मात्र सांभाळून. शेठ मोहरमच्या दोन तारखेपासून दहापर्यंत दुकान बंद ठेवत आणि वाअझला, म्हणजे प्रवचनाला, जात. मी पहिल्याच वर्षी दुकान उघडल्यावर ‘मोहरम मुबारक’ म्हणून बसलो. ते रागावले नाहीत. चोपडी पुढे सरकवत म्हणाले, ‘‘भाई, ये तो मय्यत का महिना है.’’