जुन्या सुती साड्यांची हलकी, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी पट्ट्यांची गोधडी: मधात काय घालायचं?

ताई, तुम्ही विचारलं की आईच्या पाच-सहा सुती साड्या आहेत, मुलगी नागपूरला होस्टेलवर राहते, तिच्यासाठी मशीनवर पट्ट्यांची हलकी गोधडी शिवायची आहे, दोन्ही बाजू छान दिसल्या पाहिजेत, तर वरून काय, खालून काय आणि मधात काय. मी आर्वीकडची, वर्धा जिल्हा, आधी सासूबाईंसोबत हातानं शिवत होती आणि आता पायमशीनवर शिवते. माझं म्हणणं असं की साड्यांचे रंग नंतर पाहा, आधी मधला पदर, म्हणजे मधातला थर, ठरवा. आणि तो ठरवताना एवढंच पाहा की ओली गोधडी तुमच्या मुलीला एकटीला पिळता आली पाहिजे. कोरडी असताना सगळ्याच हलक्या वाटतात, सुती कापड पाणी किती पिते ते धुतानाच समजते.

माझ्या पहिल्या गोधडीत मी घरचीच रुई घातली होती. वावरातला कापूस, सरकी काढून पिंजून आणला, हातात घेतला तर वजनच लागे ना. पट्ट्या घेतल्या चार-चार इंचाच्या आणि मधात दुसरी शिलाई नाही. पहिल्याच धुण्यात रुई सरकली, एका कोपऱ्यात गोळे आणि दुसरीकडे नुसतं कापड, बकेटीतून ती ओली गोधडी मी आणि सासूबाई दोघींनी मिळून काढली, तीन दिवस वाळली नाही आणि वास मारायला लागली. लय रडू आलं होतं मला, कारण वरची साडी माझ्या आजीची होती. सुटी रुई घालायची तर टाके अगदी जवळजवळ पाहिजेत, आणि एवढे टाके घातले की गोधडी कडक होते.

तर मधात साडीच घाला, सगळ्यात जास्त धुतलेली, मऊ झालेली, आणि शक्यतो पांढरी किंवा फिकी. गडद साडी मधात गेली तर पातळ कापडातून तिची नक्षी वर दिसते. जुनं धोतर असेल तर त्याच्यासारखं काहीच नाही. फ्लॅनेल ऊब चांगली देते पण पाणी फार धरते, ते बाळाच्या दुपट्यात ठीक आहे. फायबरची (पॉलिस्टरची) शीट हलकी असते आणि पटकन वाळते हे खरं, पण ती घाम शोषत नाही आणि जास्त गरम इस्त्री लागली की खराब होते. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर आणि जानेवारीत पहाटे १० च्या खाली, कुलरसमोरही तेच पांघरूण पाहिजे असते, म्हणून पातळच शिवा, कडाक्याची थंडी पडली की वरून ब्लँकेट घेता येते.

वरच्या-खालच्या बाजूसाठी मात्र दमाच्या साड्या घ्या. साडी उजेडासमोर धरून पाहा, जिथून उजेड जास्त येते तो भाग मधात जाऊ द्या, तो बाहेर आला की शिवणीजवळच फाटते. टेरिकॉट किंवा नायलॉन मिसळू नका. सगळ्या साड्या आधी धुऊन घ्या आणि लाल, जांभळ्या, गडद निळ्या साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा, रंग लागला तर ती या गोधडीत घालूच नका. एका बाजूला नवीन कापड लावणार असाल तर ते दोनदा धुवा, कोरं सुती कापड आटते आणि जुनं आधीच आटलेलं असते, मग एका बाजूला चुन्या पडतात.

आता माप. ६० बाय ९० इंचाची गोधडी धरा. साडीचे ९० इंचाचे दोन तुकडे करा, काठ वेगळे काढा आणि लांबीतूनच ३ इंचाच्या पट्ट्या करा, लांबीतल्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. पाव इंच शिवण दोन्हीकडून गेली की अडीच इंच उरते, म्हणजे एका बाजूला २४ पट्ट्या, एका साडीत आरामात बसतात. मधल्या पट्ट्या मात्र अडीच इंचाच्याच कापा, हे महत्त्वाचं आहे. वरची, मधली आणि खालची पट्टी एकावर एक ठेवली की झाला पहिला जोड. आधीच्या जोडाच्या कडेला वरची आणि खालची नवी पट्टी उलटी ठेवून एकाच शिलाईत शिवायची, दोन्ही उघडायच्या, मग मधली पट्टी आत सरकवायची, तिची एक कड आतल्या शिवणीला टेकते आणि दुसरी पुढच्या शिलाईत पकडल्या जाते. असं केलं की शिवणीत सहाऐवजी पाच पदर येतात, मशीन अडत नाही, आणि २३ शिवणींचं मिळून वजनही थोडं कमी होते. शिलाई सगळी आत जाते म्हणून दोन्ही बाजू सारख्याच साफ दिसतात. एक शिलाई वरून खाली मारली तर पुढची खालून वर मारा, नाहीतर गोधडी धनुष्यासारखी वाकते. सुई १४ नंबरची.

शिवायच्या आधी कापलेल्या सगळ्या पट्ट्या आणि काठ किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा, तेच गोधडीचं वजन. सव्वा किलोच्या वर जात असेल तर मधला पदर आणखी पातळ घ्या. काठ फेकू नका, चारही कडांना तेच लावा, फक्त जरीचा असेल तर पायाकडे, तोंडाला टोचते. आणि आईच्या साड्यांतली मुलीची सगळ्यात आवडती साडी कोणती ते तिला विचारून घ्या, ती जीर्ण झाली असेल तर बिनधास्त मधात घाला, तिथं ती जास्त वर्षं टिकते.