ऑनलाइन एम.ए. एज्युकेशनच्या ग्रुप असाइनमेंटमध्ये सगळं काम माझ्यावरच पडतं. एकट्यानं करण्याची परवानगी मागू का?

तुम्ही लिहिलंय की पाच जणांच्या गटात दोघंच राबतात, बाकीचे तिघं सबमिशनच्या आदल्या रात्री उगवतात आणि मार्क मात्र सगळ्यांना सारखे पडतात. मग गट सोडून एकट्यानं करू द्या, असं प्राध्यापकांना सांगावं का? माझ्या मते अजून सांगू नका. त्यांच्याकडे मागण्यासारखं दुसरं काहीतरी आहे, ते पुढे लिहिते.

मी मिरजेजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळा सांभाळून दोन वर्षांचं ऑनलाइन एम.ए. एज्युकेशन केलं. तिसऱ्या सत्रात मीही कोर्सच्या मॅडमना तुमच्यासारखाच मेल लिहिला होता, की या गटात काम होत नाही, मला स्वतंत्र करू द्या. तो पाठवला मात्र नाही.

आमच्या गटात पाच जण होते. मी, नागपूरच्या बी.एड. कॉलेजात शिकवणारे एक सर, पुण्यात एका शिक्षणसंस्थेत काम करणारी एक मुलगी, मस्कतच्या भारतीय शाळेतल्या एक ताई आणि गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेचे एक गुरुजी. पाचही मराठी, पण एकमेकांना कधी भेटलेले नाही. कोर्स इंग्रजीतून. विषय मिळाला होता : घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेली मुलं पहिली-दुसरीत वाचायला कशी शिकतात. चार हजार शब्द, सहा आठवडे.

पहिल्याच मीटिंगमध्ये वीस मिनिटांत आम्ही काम वाटून घेतलं. सरांकडे सिद्धांत, पुण्याच्या मुलीकडे धोरण, ताईंकडे वर्गातलं उदाहरण, गुरुजींकडे पाठाचा आराखडा, आणि प्रस्तावना, शेवट, जोडाजोडी माझ्याकडे. सगळ्यांना हायसं वाटलं. आता कळतं की तिथंच चुकलं. त्या घटकेपासून दुसऱ्याचा भाग वाचायची कुणाला गरजच उरली नाही. जोडायचं माझ्याकडे होतं म्हणून मीच तेवढं सगळ्यांचं वाचत होते, आणि संतापतही मीच होते.

जेरेमी रोशेल आणि स्टेफनी टीझली या संशोधकांनी १९९५ मध्ये यावर लिहिलंय. दोन विद्यार्थी एकाच संगणकावर भौतिकशास्त्राचा प्रश्न सोडवताना एकमेकांशी काय बोलतात, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. काम वाटून घेऊन प्रत्येकानं आपला तुकडा पुरा करणं ही एक गोष्ट, आणि एकच प्रश्न सगळ्यांनी मिळून, आपापली समज पुन्हा पुन्हा जुळवत सोडवणं ही दुसरी, असा फरक त्यांनी केला. आपल्याला हे नवं नाही. इर्जिक घालतात तेव्हा गावातले लोक आपापले नांगर-बैल घेऊन एकाच्याच रानात उतरतात, आणि तेवढा दिवस त्या रानाची काळजी सगळ्यांची असते. आम्ही उतरायच्या आधीच बांध घालून घेतले होते.

वेळेचंही जमेना. रविवारी सकाळी दहाची मीटिंग आम्हा चौघांना सोयीची होती. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची. आमच्या रविवारी ताईंची शाळा भरलेली असायची, आणि त्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटं येऊन जायच्या. त्यांना रस नाही, अशी माझी समजूत होती. कॅलेंडर बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्यांनाही संकोचापोटी सांगता आलं नाही. शेवटी रविवारी रात्री साडेनऊ ठरलं, तिथले आठ.

नोव्हेंबर संपत आला तरी गुरुजींकडून एक ओळ आली नव्हती. मी गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी उघडून कुणी किती वेळा काय लिहिलं ते मोजलं. गुरुजींच्या नावापुढे शून्य. त्याच रात्री तो मेल लिहिला. पाठवण्याआधी, तक्रार करण्यापूर्वी निदान त्यांना सांगावं म्हणून फोन लावला. लागला तिसऱ्या दिवशी. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं आणि गुरुजी निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. गडचिरोलीत दुर्गम केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरनं न्यावी लागतात. प्रशिक्षण, जाणं, येणं यात त्यांचे कितीतरी दिवस गेले होते.

पण तेवढंच कारण नव्हतं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळे फोरमवर इंग्रजीत लांबलचक लिहिता. मी चार ओळी जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मग वाटतं, आता काय लिहायचं."

मी विचारलं, तुमच्या वर्गात मुलं घरी कोणती भाषा बोलतात? त्यानंतर पाऊण तास तेच बोलत होते. त्यांच्या मुलांची घरची भाषा माडिया. दुसरीतली मुलं मराठी धडा घडाघडा वाचायची, पण धड्याखालच्या चित्राबद्दल विचारलं की वर्ग गप्प. तेच चित्र दाखवून माडियात बोलू दिलं की गलका. गुरुजी तीन वर्षं एका वहीत मुलांकडून शब्द उतरवून घेत होते. एका बाजूला माडिया, दुसऱ्या बाजूला मराठी, आणि कोणत्या शब्दाला मुलं अडतात त्याची खूण. आम्ही चौघं ज्या प्रश्नावर इतरांचे लेख वाचून लिहीत होतो, तो प्रश्न हे गुरुजी रोज सकाळी वर्गात सोडवत होते. आणि आम्ही त्यांना दिलं होतं काय, तर पाठाचा आराखडा.

मग सगळं पुन्हा मांडलं. वाटणी मोडली. गुरुजींनी मराठीत व्हॉइस नोट पाठवायच्या असं ठरलं; रेंज असेल तेव्हा, सात-आठ मिनिटांच्या. ताईंनी त्या ऐकून लिहून काढल्या. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की आपल्या वर्गातल्या मल्याळी आणि तमिळ मुलांचंही इंग्रजी धड्यापाशी हेच होतं. तोवर त्यांना हा 'आदिवासी भागाचा' प्रश्न वाटत होता. नागपूरच्या सरांचा आणि गुरुजींचा मात्र वाद झाला, दोन रविवार चालला. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. सर त्या बाजूचे. गुरुजी म्हणाले, मान्य आहे, पण पुस्तक कुठाय? आणि वर्गात घरी वेगळी भाषा बोलणारी दोन-तीन मुलं असली तर घरची म्हणजे कुणाच्या घरची? सरांनी आपला सिद्धांताचा भाग जवळजवळ नव्यानं लिहिला. आमच्या असाइनमेंटमध्ये काही शिकण्यासारखं असेल तर ते त्या दोन रविवारांत झालं. वाटणी तशीच राहिली असती तर हा वाद झालाच नसता, कारण दोघांचे भाग वेगवेगळ्या पानांवर होते.

आता तुमच्या रागाबद्दल. कामचुकारपणा असतोच, त्याला नाकारून चालणार नाही. बिब लाताने, किप्लिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये विद्यार्थ्यांना जोरात ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगून आवाज मोजला. सहा जणांच्या गटात माणशी आवाज एकट्यानं केलेल्या आवाजाच्या ४० टक्क्यांवर आला. त्यातला काही भाग ताल न जुळल्यामुळे होता. पण तो वेगळा काढला तरी, आपण गटात आहोत एवढ्या समजुतीनंही माणसं कमी जोर लावत होती. त्याच तिघांनी पुढे १९८१ मध्ये दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की ही ढिलाई जाते. माणसं तीच असतात. आपलं काम कुणाला दिसतंय की नाही, यावर बरंच ठरतं.

ऑनलाइन कोर्समध्ये ते दिसतच नाही. प्रत्यक्ष वर्गात कोण थकलंय, कुणाला बोलायचंय पण धीर होत नाही, हे चेहऱ्यावरून कळतं. स्क्रीनवर गप्प बसलेला माणूस आणि काम टाळणारा माणूस सारखेच दिसतात. त्यात बऱ्याच कोर्समध्ये नियम असतो की आठवड्याला एक पोस्ट आणि दोन उत्तरं. मग लोक 'खूप छान मुद्दा मांडलात' लिहून मोकळे होतात. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी कॅनडात २००० मध्ये लिखित ऑनलाइन चर्चांवर जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी एकत्र लागतात असं म्हटलंय : माणसांची एकमेकांना जाणवणारी उपस्थिती, विचारांची उपस्थिती आणि शिकवणाऱ्याची उपस्थिती. तिसरी नसेल तर पहिल्या दोन आपोआप येत नाहीत, हे मी दोन वर्षं पाहिलं. गट पाडून दिले की शिकवणाऱ्याचं काम संपलं, असं समजणारे कोर्स आहेत, आणि त्याचा त्रास तुमच्यासारख्या प्रामाणिक विद्यार्थ्याला होतो.

म्हणून मेल जरूर लिहा, पण सुटका मागू नका, रचनेत बदल मागा. गटाच्या कामासोबत प्रत्येकानं एक पान स्वतंत्र लिहावं : मी काय केलं, दुसऱ्याच्या कोणत्या म्हणण्यामुळे माझं मत बदललं, आणि कुठे पटलं नाही. त्या पानाला वेगळे मार्क असावेत. चर्चा हव्या त्या भाषेत होऊ द्यावी, अंतिम लेखन इंग्रजीत असलं तरी. आणि गट तीन-चारचा असावा. आमच्या मॅडमनी पुढच्या असाइनमेंटपासून यातलं स्वतंत्र पान लगेच मान्य केलं, कारण त्यांनाही मार्क कसे द्यायचे हा प्रश्न होताच.

याउपर एखादा खरंच काही करत नसेल तर? दुसऱ्या सत्रात आम्हाला असा एक सहाध्यायी मिळाला होता. अडचण काही नव्हती, तसं त्यानं स्वतःच सांगितलं. दोनदा बोललो, तारीख दिली, मग त्याला कळवून प्राध्यापकांना लिहिलं आणि त्याचं नाव घातलं नाही. त्यात गैर काही नाही. फक्त तिथवर पोचण्याआधी बोलणं झालेलं असावं.

आपण शिक्षक आहोत म्हणून मला हे जास्त लागतं. प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं एका उपकरणाभोवती पाच मुलं उभी करत आले. दोघं हाताळायची, तिघं वहीत उतरवून घ्यायची, आणि त्या तिघांना मी आळशी म्हणत आले. आता एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ऑस्टिनच्या शाळांत वापरलेली जिगसॉ पद्धत थोडी बदलून वापरते. प्रत्येकाकडे प्रयोगाची अशी एक माहिती, जी बाकीच्यांकडे नाही. त्याला विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. गप्प मुलांना प्रश्न विचारले जातात, आणि विचारले की ती बोलतात.

तुमच्या सबमिशनला अजून तीन आठवडे आहेत असं लिहिलंय. त्या तिघांपैकी एकाला आज संध्याकाळी फोन करा, मेसेज नको. असाइनमेंटचं आधी काढू नका. वर्ग कितवीचा, मुलं किती, त्यातली कोणती अडतात, एवढंच विचारा.