व्हॅन भाड्याने देण्याचा धंदा: गाडी सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा बेत थोडक्यात असा दिसतो: साठवलेल्या पैशांतून दोन नव्या मालवाहू व्हॅनचं डाउन पेमेंट भरायचं, बाकीचं कर्ज काढायचं आणि गाड्या ड्रायव्हरशिवाय दिवसाच्या भाड्याने द्यायच्या. कुठली व्हॅन घेऊ, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते हा प्रश्न शेवटी येतो. आधी विमा, मग गाडी लावायची जागा, मग पहिली चार-पाच गिऱ्हाइकं आणि त्यानंतर व्हॅन. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. गाडी दारात येते, हप्ता सुरू होतो आणि मग विमा कंपनीला फोन जातो.

स्वतःच्या वापरासाठी किंवा स्वतःच्या मालवाहतुकीसाठी काढलेल्या पॉलिसीवर गाडी दुसऱ्याच्या हातात भाड्याने दिली, तर अपघात झाल्यावर क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. सेल्फ ड्राइव्ह भाड्याची पॉलिसी वेगळी असते, महाग असते आणि नव्या माणसाला ती द्यायला सगळ्या कंपन्या राजी नसतात. म्हणून गाडी हातात नसतानाच दोन-तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन मागवा. चालवणाऱ्याचं किमान वय, लायसन्स किती जुनं हवं, किती वजनाची गाडी चालेल, रात्री ती कुठे उभी राहणार, हे सगळं त्या कागदात येतं. कुठली व्हॅन घ्यायची याचं निम्मं उत्तर तिथेच मिळून जातं. ड्रायव्हरशिवाय गाडी भाड्याने द्यायला वेगळा परवाना किंवा वेगळी नोंदणी लागते का, तेही त्याच आठवड्यात परिवहन कार्यालयात विचारून घ्या. हा नियम देशागणिक बदलतो.

कोटेशन आलं की तीन गोष्टी खोदून विचारा. प्रत्येक नुकसानीतला किती हिस्सा तुम्ही स्वतः सोसायचा? टपाला आणि वरच्या भागाला झालेलं नुकसान धरलंय की वगळलंय? आणि गिऱ्हाइकाने खोटी कागदपत्रं दाखवून गाडी नेली आणि परतच आणली नाही, तर ती चोरी मानणार का? तिसऱ्या प्रश्नावर एजंट हमखास घुटमळतो. चावी तुम्ही आपल्या हाताने दिलेली असते, त्यामुळे पुष्कळ पॉलिसींमध्ये हा प्रकार चोरीत बसत नाही. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर घ्या.

आता हिशेब. विमा, कर, कर्जाचं व्याज, पार्किंग आणि घसारा (दरवर्षी उतरणारी गाडीची किंमत) हे खर्च गाडी हलो न हलो, चालूच राहतात. समजा हे सगळं मिळून वर्षाला २,४०,००० होतं, चलन कुठलंही धरा. गाडी वर्षातले २४० दिवस बाहेर गेली तर दिवसाला १,००० पडतात, १२० दिवस गेली तर २,०००. सर्व्हिसिंग, टायर आणि धुलाई त्यावर वेगळी. नवखा माणूस शेजारच्या कंपनीचं भाडं बघतो आणि त्याहून थोडं कमी लावतो. पण त्या कंपनीची गाडी किती दिवस फिरते हे त्याला ठाऊक नसतं. पहिल्या वर्षी निम्मे दिवस गाडी उभी राहणार असं धरूनच गणित मांडा. ते बसत नसेल तर दुसरी व्हॅन घेतल्याने बसणार नाही, उभ्या गाड्या दोन होतील एवढंच.

म्हणून सुरुवात एकाच व्हॅनने करा आणि ती वापरलेली घ्या. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त उतरते, आणि भाड्याच्या गाडीला पहिला ओरखडा पडायला फार दिवस लागत नाहीत. सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण असलेली, मधल्या आकाराची, साध्या रंगाची गाडी शोधा. विचित्र रंगाचा पत्रा जुळवून रंगवणं फार महागात पडतं. बघायला जाल तेव्हा थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावा आणि क्लच कुठे पकडतो ते पाहा. भाड्याच्या गाडीत क्लचचे सगळ्यात जास्त हाल होतात, कारण दर खेपेला पाय नवा असतो. डिझेल गाडी असेल तर धुराचा फिल्टर तपासून घ्या. छोट्या छोट्या फेऱ्यांत तो काजळीने तुंबतो, त्याला अधूनमधून लांब, सलग धाव लागते, आणि भाड्याच्या गाडीच्या नशिबी नेमक्या छोट्याच फेऱ्या येतात. इलेक्ट्रिक व्हॅनचा विचार गाडी लावायच्या जागी चार्जर असेल तरच करा. भरलेल्या गाडीची आणि थंडीतली रेंज कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी भरते, आणि मधेच अडकलेलं गिऱ्हाईक फोन तुम्हालाच करतं.

वजनाचं गणित तुम्हाला तोंडपाठ हवं, कारण गिऱ्हाइकाला ते नसतं. बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर गाडीचं भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, मग आत बसणाऱ्या माणसांचं, उरेल तेवढाच माल. ३,५०० किलोच्या गाडीचं रिकामं वजन २,१०० असेल तर १,४०० उरतात, आणि दोन माणसं बसली की साडेबाराशेच्या आसपास. मागे लिफ्ट बसवली असेल तर तिचं वजनही त्यातूनच जातं. कापसाच्या गाद्यांनी व्हॅन शिगोशीग भरली तरी चिंता नाही, पण पुस्तकांच्या खोक्यांनी अर्धी भरली की वजनाची मर्यादा ओलांडते. एक घनमीटर वाळूच दीड टनाच्या आसपास जाते. बुकिंग घेताना ‘काय भरणार?’ हे विचाराच. माणूस ‘थोडं सामान आहे’ म्हणाला की दुसऱ्यांदा विचारा.

खरा नफा-तोटा ठरतो तो चावी देतानाच्या दहा मिनिटांत. गाडी धुतल्याशिवाय देऊ नका आणि ओली असताना तपासू नका, पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत. मी गिऱ्हाइकाला सोबत घेऊन पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून फेरी सुरू करतो आणि तिथेच संपवतो, क्रम कधीच बदलत नाही. प्रत्येक बाजूचा फोटो, बंपरच्या कोपऱ्यांचे जवळून, काठीला फोन लावून टपाचा एक. टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवायचा, फुगवटा डोळ्यांआधी बोटांना लागतो. मग चावी फिरवून इंजिन बंद असतानाचा डॅशबोर्ड, ज्यात किलोमीटर, इंधनाचा काटा आणि पेटलेले सगळे दिवे एकाच फोटोत येतील, आणि इंजिन सुरू केल्यावर दुसरा, ज्यात धोक्याचे दिवे विझलेले दिसतील. स्टेपनी, जॅक आणि पाना गिऱ्हाइकाला दाखवायचा. शेवटी करारनाम्यावर मिनिटांसकट वेळ आणि त्याची सही. वाहतुकीच्या दंडाची नोटीस कधी कधी कित्येक आठवड्यांनी येते, आणि त्या क्षणी गाडी कोणाकडे होती हे ती मिनिटंच सांगतात.

टपाचा फोटो म्हणजे अतिरेक वाटेल. पण कार चालवणाऱ्या माणसाला डोक्यावर किती उंची आहे याचं भान नसतं. उंच टपाची व्हॅन अडीच मीटरच्या वर जाते आणि कारसाठी बांधलेल्या पार्किंगचा आडवा दांडा पुष्कळदा दोन-सव्वादोन मीटरवर असतो. गाडीची उंची ठळक अक्षरांत स्टिअरिंगसमोर चिकटवा आणि चावी देताना तोंडी सांगा. डिझेलचंही तसंच. पेट्रोलची नळी डिझेल टाकीच्या तोंडात सहज जाते, म्हणून झाकणाच्या आतही चिठ्ठी हवी आणि चावीच्या पट्ट्यालाही. चुकून पेट्रोल भरलंच तर चावीसुद्धा फिरवायची नाही, थेट फोन करायचा, हे त्या चिठ्ठीवरच लिहा.

अनामत रक्कम विम्यातल्या तुमच्या हिश्श्याच्या जवळपास ठेवा. रोख घेण्यापेक्षा कार्डावर राखून ठेवली तर परत देतानाची घासाघीस टळते. मूळ लायसन्स बघा, फोनवरचा फोटो नव्हे. बुकिंग एकाच्या नावावर आणि न्यायला आलेला दुसराच, असं झालं तर नम्रपणे नाही म्हणा. तो कितीही घाईत असला तरी.

गिऱ्हाइकांबद्दल थोडक्यात. घर बदलणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी आणि महिनाअखेरीला तुटून पडतात, बाकीचे दिवस गाडी रिकामी. ते रिकामे दिवस भरतात ती धंदेवाईक माणसं: ज्यांची स्वतःची व्हॅन दुरुस्तीला गेलीय, किंवा ज्यांना एखाद्या कामापुरती दुसरी हवीय. म्हणून जाहिरातीवर पैसे घालण्याआधी व्हॅन दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्यांना भेटा. आठवड्याचं भाडं दिवसाच्या सातपटीपेक्षा बरंच कमी ठेवा, कारण एकाच माणसाकडे आठवडाभर राहिलेली गाडी तुम्हाला सहा धुलाया आणि सहा तपासण्या वाचवते. आणि मालाच्या जागेची लांबी, रुंदी, उंची, चाकांच्या कमानींमधली रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. सोफा बसेल का, या प्रश्नाला मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरवर धड उत्तर मिळत नाही. ते तुमच्याकडे मिळालं तर भाडं थोडं जास्त असलं तरी माणूस येतो.

जाता जाता तुम्ही विचारलंय, गाडीवर नाव-नंबर रंगवून घेऊ का. रंगवू नका, निघणारं स्टिकर लावा, तेही मागच्या दारावर आणि छोटं. आठवड्याने गाडी नेणाऱ्या व्यावसायिकाला स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या दारात दुसऱ्याचं नाव मिरवायचं नसतं, आणि विकताना रंग खरवडण्याचा खर्च वाचतो.