पहिला पगार हातात पडेपर्यंतचे सदतीस दिवस

*वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय: शरीरविक्रय सोडून दुसऱ्या कामात पाय रोवणं. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत. उत्तरं समुपदेशन आणि कामगार-कायदा या दोन्ही बाजूंनी मिळून दिली आहेत.*

प्रश्न : वय ३४. बुधवार पेठेत अकरा वर्षं काढली. संस्थेच्या ओळखीनं दोनदा नोकरी धरली, एकदा हाउसकीपिंगला, एकदा पॅकिंगला. दोन्ही वेळा महिन्याच्या आत सोडून परत आले. माझ्यात जिद्दच नाही असं आता बहीणही म्हणते. — पुणे

जिद्दीचं नंतर बघू. आधी एवढं आठवा, की दोन्ही नोकऱ्या कितव्या दिवशी सोडल्यात? विसावा ते तिसावा दिवस असेल, तर कारण बहुतेक पैशाच्या तारखेत सापडेल.

आजवर तुमच्या हातात पैसा रोज आला. कमी-जास्त आला, पण रोज आला. नोकरीत १ तारखेला लागलात तर पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत होतो, म्हणजे सदतीस दिवस. ठेकेदार 'पहिले दहा दिवस मागे ठेवतो' म्हणाला, तर त्याहून जास्त. या काळात भाडं थांबत नाही, मुलांची शाळा थांबत नाही. पंचविसाव्या दिवशी डबा रिकामा होतो आणि जुन्या गल्लीत एका संध्याकाळी हजार-पाचशे मिळतात हे ठाऊक असतं. अशा वेळी कोणीही परत जाईल.

म्हणून तिसऱ्यांदा नोकरी धरण्याआधी पंचेचाळीस दिवसांचा खर्च कागदावर मांडा. नमुना असा: खोलीभाडं ४,०००, किराणा-भाजी-गॅस ४,५००, बस १,०००, मुलीची शाळा १,०००, मोबाइल आणि औषधं ५००. महिन्याचे ११,०००, दीड महिन्याचे १६,५००. आकडे तुमचे घाला. एवढी रक्कम खात्यात साठेपर्यंत नोकरीची तारीख पुढे ढकलली तरी चालेल. काही जणी नवं काम बसेपर्यंत आठवड्यातले दोन दिवस जुनं काम चालू ठेवतात. आम्ही त्याला अपयश म्हणत नाही. मात्र पॅकिंगची सकाळची पाळी आणि गल्लीतली रात्र एकाच दिवशी जमत नाही, ते कराल तर आजारी पडाल.

साठवण शक्यच नसेल तर पहिलं काम आठवड्याला पैसे देणारं धरा: केटरिंगची मदत, पोळी-भाजी केंद्र, मंगल कार्यालयातली साफसफाई. दोन महिन्यांनी महिनेवारी नोकरी बघा.

घरवालीकडून, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडून, उचल मात्र घेऊ नका. महिन्याला शेकडा दहानं १५,००० घेतले की नुसतं व्याज १,५०० जातं, मुद्दल तिथंच. परवाना नसताना व्याजानं पैसे देणं हा महाराष्ट्रात २०१४च्या सावकारी कायद्यानुसार गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात होते. जुन्या 'आगाऊ'पायी कोणी अडवून ठेवत असेल, तर १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदाही लागू होऊ शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो, फोन १५१००.

आणखी एका ठिकाणी बायका नोकरी सोडतात. पहिलं पगारपत्रक पाहून फसवलं गेल्यासारखं वाटतं. मूळ पगार १२,००० असेल तर भविष्य निर्वाह निधीचे बारा टक्के म्हणजे १,४४० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे ९० कापले जातात, हातात १०,४७० येतात. ते १,४४० तुमचेच आहेत, मालकही तेवढेच घालतो. ईएसआय कार्डावर तुमचा आणि मुलीचा दवाखाना होतो. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर स्त्रियांना व्यवसाय कर नाही. तो कापला असेल तर विचारा. आणि कपात होते पण यूएएन नंबर (निर्वाह निधीचा तुमचा कायमचा खाते क्रमांक) देत नाहीत, असं असेल तर पैसे भरलेच जात नसण्याची शक्यता धरून चाला.

शिलाई मशीनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. 'पुनर्वसन' म्हटलं की मशीन वाटण्याची आपल्याकडे सवय आहे. नगावर पैसे मिळवायचे तर हाताला वेग येईपर्यंत पाच-सहा महिने लागतात आणि त्या महिन्यांच्या भाड्याचं कोणी बोलत नाही. मशीन मिळतंय म्हणून शिवणकाम निवडू नका.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी कर्नाटकातून आले. आधार नाही, रेशनकार्ड नाही. वस्तीत सगळे एका नावानं ओळखतात, आईनं ठेवलेलं नाव वेगळं. कुठून सुरुवात करू? — सांगली

आधारपासून. सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात १९ मे २०२२ रोजी निर्देश दिले, की या व्यवसायातल्या स्त्रीला राहण्याचा पुरावा नसला तरी आधार द्यावं. नॅकोचा (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) राजपत्रित अधिकारी किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेचा प्रकल्प संचालक ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र देतो. आधार केंद्रात त्यावर काम होतं. तुम्ही ज्या संस्थेत तपासणीला जाता, तिच्यामार्फत हा अर्ज वर जातो. ती स्त्री या व्यवसायातली आहे हे दाखवणारी कोणतीही खूण आधार क्रमांकात असू नये, हेही त्याच आदेशात आहे. तेव्हा कार्डावरून कुणाला कळेल ही भीती सोडा.

दोन गोष्टी मात्र फॉर्म भरण्याआधी ठरवा. एक, नाव. नोकरी, बँक, पीएफ सगळीकडे पुढे हेच नाव, हेच स्पेलिंग जाणार. आधारवर 'लक्ष्मी' आणि बँकेत 'लक्ष्मीबाई' झालं की पीएफ अडकतो. आईनं ठेवलेलं नाव लावायचं असेल तर ते आत्ताच लावा. दोन, जन्मतारीख. वस्तीत वय कमी सांगायची सवय असते. इथं ते नडतं. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. वय चुकलं तर प्रशिक्षणाच्या वयोमर्यादेपासून पेन्शनपर्यंत सगळं चुकत जातं.

मग क्रम असा लावा: आधारला मोबाइल जोडणं (सिम स्वतःच्या नावावर हवं, घरवालीच्या किंवा गिऱ्हाइकाच्या नाही), जनधन खातं, पॅन, रेशनकार्ड, ई-श्रम (असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी). ई-श्रमची नोंदणी १६ ते ५९ वयात होते. खातं उघडतानाच २० रुपयांचा वर्षाचा अपघात विमा लावून घ्या.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्र यादीत 'वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला' हा गट आहे. महिना १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. मुख्य अटी दोन: वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आणि राज्यात पंधरा वर्षं वास्तव्य. म्हणजे पगार सुरू होईपर्यंतच याचा उपयोग. आणखी एक अडचण कागदावर लिहिलेली नसते: तो गट निवडला की ते शब्द तलाठ्यापासून सगळ्यांच्या नजरेखालून जातात. त्याच यादीत निराधार विधवा, पोटगी न मिळणाऱ्या घटस्फोटिता, एड्सग्रस्त, देवदासी हेही गट आहेत. खरोखर लागू होणारा दुसरा गट असेल तर त्यातून अर्ज करा.

प्रश्न : मुलाखतीत 'एवढी वर्षं काय करत होतात?' असं विचारलं की घशाला कोरड पडते. खोटं बोलू की खरं? — नागपूर

दोन्ही नको. सगळं सांगण्याची सक्ती नाही आणि खोटी कंपनी सांगितलीत तर एका फोनवर उघडी पडते. 'घर चालवायला मिळेल ते काम केलं. पगारी नोकरी नव्हती. आता महिनेवारी काम हवं आहे.' तीन वाक्यं, तीनही खरी. यापुढे बोलू नका. घाबरलेलं माणूस चौथं वाक्य बोलतं आणि तिथं अडकतं. हीच वाक्यं मैत्रिणीपुढे रोज दहादा मोठ्यानं म्हणा, आठवडाभर. आरशापुढे म्हणून तेवढा उपयोग होत नाही. समोरून 'म्हणजे कसलं काम?' असा उलटा प्रश्न आला पाहिजे. त्याला उत्तर : 'साफसफाई, स्वयंपाक, पडेल ते. तुमच्याकडचं काम काय आहे ते सांगाल का?' केलेलीच कामं सांगा.

एचआयव्ही प्रकल्पात पीअर एज्युकेटर (सोबतच्याच बायकांना माहिती देणारी कार्यकर्ती) म्हणून काम केलं असेल, तर तो खराखुरा अनुभव आहे. साठेक बायकांची यादी सांभाळणं, तपासणीच्या तारखा, नोंदवही. दवाखान्यात आया किंवा रुग्णसहायक म्हणून जाताना ते उपयोगी पडतं. पण संस्थेच्या पत्रावर प्रकल्पाचं नाव छापलेलं असतं आणि त्यातून सगळं कळतं. 'आरोग्य कार्यकर्ती' एवढाच उल्लेख असलेलं, कामाचे महिने लिहिलेलं पत्र मागून घ्या.

सिक्युरिटीच्या कामाला पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. छाप्यात सापडलेल्या स्त्रीची नोंद सहसा 'पीडित' म्हणून होते, आरोपी म्हणून नाही. पण कधी रस्त्यावर उभं राहिल्याबद्दल कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला असेल, तर ती शिक्षा धरली जाते. आठवत नसेल तर अर्ज करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून कोर्टातली नोंद पाहून घ्या. पगार ठरल्यावर, गणवेश शिवल्यावर हे बाहेर येणं फार लागतं.

प्रश्न : मॉलमध्ये हाउसकीपिंगला आहे. एका जुन्या गिऱ्हाइकानं ओळखलं. आता फोन करून म्हणतो, भेट नाहीतर सुपरवायझरला फोटो दाखवतो. — मुंबई

भेटू नका आणि पैसे देऊ नका. पहिले पाचशे दिले की पुढचे हजार ठरलेले असतात. त्याचा नंबर ब्लॉक करण्याआधी मेसेजचे स्क्रीनशॉट, कॉलची यादी, तारीख-वेळ जपून ठेवा आणि दुसऱ्या विश्वासू माणसाच्या फोनवर पाठवा. बहुतेक जणी भीतीनं सगळं पुसून टाकतात आणि मग तक्रारीला पुरावा उरत नाही.

धमकी देऊन पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे, नुसती धमकी कलम ३५१ खाली. खासगी फोटो पसरवले तर माहिती तंत्रज्ञान कायदाही लागतो. तुम्ही पूर्वी काय काम करत होता, यानं त्याचा गुन्हा कमी होत नाही. स्वतःच्या मर्जीनं शरीरविक्रय करणं हा आपल्या कायद्यात गुन्हाच नाही. कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. चौकीत एकट्या जाऊ नका, संस्थेची कार्यकर्ती किंवा प्राधिकरणाचा वकील बरोबर न्या. नाहीतर आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

सुपरवायझरला आधीच सांगावं का? बाई समजूतदार असेल तर 'एक माणूस फोनवरून त्रास देतोय, गेटवर आला तर कळवा' एवढं पुरे. कारण सांगू नका. आणि तो कामावर येऊन अंगचटीला आला, तर दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. तीन महिन्यांच्या आत लेखी द्या.

प्रश्न : सकाळी सातची पाळी आहे. रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही. पूर्वी रोज क्वार्टर लागायची, ती आता एकदम बंद करायचा विचार आहे. — भिवंडी

एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास, फिट येणं होऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. आधी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा, गोळ्यांच्या आधारानं उतरवतात. झोपेची वेळ दर तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. तीनवरून अकरावर यायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, म्हणून हे नोकरीच्या आधी सुरू करायला हवं. पाळी सुरूच असेल तर दुपारची म्हणजे बारानंतरची पाळी महिनाभर मागून बघा. रात्री छातीत धडधडून जाग येत असेल तर १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, सहा बायका कामाला. संस्थेमार्फत दोघी येणार आहेत. बाकीच्यांना सांगावं का? आम्ही काय काळजी घ्यावी? — ठाणे

सांगू नका. तो तुमचा हक्क नाही आणि त्यांनी विचारलं तर 'ओळखीतून आल्या' पुरे. एचआयव्हीची तपासणी मागू नका. २०१७च्या कायद्यानं नोकरीसाठी ती मागण्याला बंदी आहे आणि पोळीतून तो पसरतही नाही.

पहिले दोन महिने पगार दर शनिवारी द्या. सगळ्यात मोठी मदत हीच. कामाचं माप स्पष्ट ठेवा. एक किलो कणकेच्या ३० पोळ्या, पहिल्या आठवड्यात लाटून-भाजून तासाला २०-२५, महिनाअखेर ४० झाल्या तर उत्तम. आकडा भिंतीवर लिहा म्हणजे 'मला जमत नाही' हा मनातला पाढा थांबतो. पोळी कच्ची राहिली तर इतरांना जसं सांगता तसंच सांगा. हळू आवाजात, जपून सांगितलेलं लगेच ओळखू येतं आणि ते रागावण्यापेक्षा जास्त झोंबतं.

पहिल्या महिन्यात खाडे होतील: कोर्टाची तारीख, मुलाचं हॉस्टेल, औषधाचा दिवस. महिन्याला दोन खाडे आधी सांगून घेता येतील असं पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर न सांगता गैरहजर राहून त्या लाजेनं परतच येत नाहीत. तीन दिवस आल्या नाहीत तर स्वतः फोन करा, संस्थेला करायला लावू नका. आणि हजेरीच्या वहीत आधारवरचंच नाव लिहा. संस्थेची बाई दुसऱ्या नावानं हाक मारेल, ते नाव तुमच्या तोंडी येऊ देऊ नका.