पेन कुणाच्या हातात आहे?

बडोदा

अनेक उत्तम आशीर्वाद.

कॉलेजने लर्निंग सेंटरच्या ट्यूटरांचं प्रशिक्षण तुझ्याकडे सोपवलं हे वाचून बरं वाटलं. सोबत पाठवलेला दोन दिवसांच्या कार्यशाळेचा आराखडाही पाहिला. दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, संवादकौशल्यावर व्याख्यान, चहा, प्रमाणपत्रं. स्पष्टच सांगतो, यातला चहा तेवढा ठेव.

ट्यूटर म्हणजे शेवटी एसवाय-टीवायचीच मुलं. हुशार म्हणून आपण त्यांना निवडतो आणि पुढे ती हुशारीच नडते. स्वतःला चटकन येतं ते समोरच्याला कुठे अडतंय, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. व्याख्यानाने हे सुटत नाही. ते शिकवत असताना कुणीतरी शेजारी बसून बघावं लागतं, आणि हे काम तुझं.

ट्यूटर आणि विद्यार्थी, दोघांना चालेल का हे आधी विचार, मग जरा बाजूला खुर्ची टाकून बस. पेन कुणाच्या हातात आहे, एवढंच बघ. मी पाहिलेलं एक सत्र सांगतो. मुलीने इंटिग्रेशन बाय पार्ट्‌सचं गणित अर्धवट सोडवून आणलं होतं: एक्स गुणिले ई-रेज-टू-एक्स, त्यातल्या एका भागाचं इंटिग्रेशन करायचं आणि दुसऱ्याचं डिफरन्शिएशन. ट्यूटरने वही स्वतःकडे ओढली, तिचं सगळं खोडलं, चार ओळींत उत्तर काढलं आणि विचारलं, ‘समज पडी?’ ती म्हणाली, ‘हा.’ झालं सत्र! तिने एक्सचं इंटिग्रेशन धरलं होतं आणि ई-रेज-टू-एक्सचं डिफरन्शिएशन, म्हणून एक्सचा घात उतरायच्या ऐवजी चढत चालला होता. तिला ते दिसलं नाही, त्याने पाहिलं नाही. ‘हा भाग कोणत्या विचाराने निवडलास?’ असं विचारून तो गप्प बसला असता, तर तिचं तिनेच पकडलं असतं.

हे गप्प बसणं फार अवघड आहे. मेरी बड रोव या संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलतात. ट्यूटरांना घड्याळ लावून तीन सेकंद थांबायला लाव. जीव कासावीस होतो त्यांचा.

नोंदी करताना ‘छान समजावलं’ असलं काही लिहू नकोस. कोण काय बोललं ते जसंच्या तसं उतरव, आणि त्याच दिवशी, विद्यार्थी गेल्यावर, ट्यूटरसमोर ठेव. आधी त्यालाच बोलू दे. बहुतेक वेळा तुला सांगावंच लागत नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन या संस्थेच्या ट्यूटर-प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला पहिल्या पातळीवर किमान १० तासांचं प्रशिक्षण आणि २५ तासांचं प्रत्यक्ष शिकवणं लागतं. आपल्याला ते प्रमाणपत्र नको असलं तरी हिशोब चांगला आहे. फक्त ते १० तास शनिवार-रविवारात उरकू नकोस. आठवड्याला एक तास धर, म्हणजे सोमवारी ऐकलेलं बुधवारी करून बघता येतं.

मुलं सेंटरकडे फिरकत नाहीत म्हणतेस. दारावर ‘रेमेडियल’ अशी पाटी असेल तर कोण येईल? ‘ढ’चा शिक्का कपाळावर कुणाला हवाय? १९७३मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत डीअ‍ॅना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ सुरू केलं, त्यात मुलं कच्ची धरली नाहीत, विषय अवघड धरला. जिथे ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा विषयच सोडतात, तो विषय घ्यायचा आणि सत्र वर्गातल्या सगळ्यांना खुलं ठेवायचं. तो विषय आधी चांगल्या गुणांनी पास झालेला विद्यार्थी पुन्हा तासांना बसतो आणि मग सत्र घेतो. हुशार मुलंही येतात, त्यामुळे येण्याची लाज उरत नाही. तू या सेमिस्टरला असा एकच विषय निवड. निकालाची पत्रकं ऑफिसात मिळतील, क्लार्कशी गोड बोल.

पैशांसाठी प्राचार्यांकडे जाशील तेव्हा बोर्डनची आठवण करून दे. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये ग्रंथालयांसाठी विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून आणलं आणि १९११मध्ये इथे ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्गही सुरू झाला. नुसती पुस्तकं आणि कपाटं घेऊन भागत नाही, हे या शहराला तेव्हाच कळलं होतं. शिवाय बडोद्यात महाराजांचं नाव काढलं की फाइल जरा लवकर हलते.

आता तुझं स्वतःचं. प्रशिक्षक झालीस म्हणून शिकवणं सोडू नकोस, आठवड्यातला एखादा तास तरी ठेव. आणि अधूनमधून तुझ्याच एखाद्या ट्यूटरसमोर विद्यार्थी म्हणून बस, खरोखर न येणारा विषय घेऊन. तुझं अकाउंट्‌स कच्चं आहे, तेव्हा शोधायला लांब जायला नको. डेबिट-क्रेडिट उलटं लिहून ठेव आणि तो वही ओढतो का बघ.

दिवाळीत माझ्याकडे दांडिया बाजारला येशील तेव्हा नोंदवही आण. नावं तेवढी खोडून आण.

कळावे,
तुझा सर